पप्पांचा खोकला

बेळगाव, कॅम्प

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, माणूस गेला की जवळच्यांना भास होतात. येशू मरणातून उठलेला शिष्यांना दिसला म्हणतात, तेही भासच असतील." मी गप्प बसले, कारण कुकर लावला होता आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. आता झोप येत नाही म्हणून लिहितेय.

भास म्हणजे काय ते मला नको सांगू. पप्पा गेल्यावर महिनाभर स्वयंपाकघरात त्यांचा खोकला ऐकू यायचा. सकाळी मी दोन कप चहा ओतायची. पण हे उठून आलेत, असं मी शेजारी कुणाला सांगितलं का? उलट खोकला ऐकू आला की ते नाहीत हे जास्तच कळायचं, आणि रविवारी मी कबरीवर फुलं घेऊन जायची. भास झालेलं माणूस रडतं बघ. ज्या गावात पुरलं त्याच गावात उभं राहून, सगळ्यांसमोर, तो उठलाय असं सांगत नाही.

तीस वर्षं वॉर्डात काढली मी. किती जणांचे डोळे मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे बांधले. हे सगळं लवकर उरकावं लागतं, अंग ताठलं की हात सरळ होत नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानात त्या तीन बायका पहाटे येशूच्या कबरीकडे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या त्या असल्याच कामाला. मध्ये शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, आला म्हणून खोळंबलेल्या. वाटेत बोलणं काय, तर कबरीच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार? जिवंत माणसाला भेटायला निघालेली बाई मढ्याला लावायचं सामान घेऊन निघत नाही, बाळा.

आणि साक्ष कुणाची, तर बायकांची! बाईची साक्ष धरू नये, असा नियम योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहून ठेवतो. लूक तर त्याच्या शुभवर्तमानात सांगतो की प्रेषितांना, म्हणजे येशूच्या शिष्यांनाही, या बायकांचं बोलणं बडबड वाटलं. मला नवल नाही वाटत. एका नाईटला पेशंट खालावतोय म्हणून मी तीनदा निरोप दिला, डॉक्टर उगवले सकाळी. गोष्ट रचायचीच होती तर पेत्र नाहीतर योहान अशा शिष्याला पुढे केलं असतं, त्या बायकांतल्या मग्दालीया मरीयेला कोण करतं? उठलेला प्रभू कुणाकुणाला दिसला त्याची प्रेषित पौलाने यादी दिलीय, तिच्यात या बायकांचं नावसुद्धा नाही. ते मला अजून खुपतं.

ती यादी मात्र वाच. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. साधारण इ.स. 55 मधलं, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेलं. तुझ्या बाप्तिस्म्याला जवळजवळ तेवढीच वर्षं झाली, आणि तू पाळकांच्या चष्म्याला हात घातलास हे अर्धी मंडळी अजून सांगते. पौल लिहितो, प्रभू पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यातले बहुतेक हयात आहेत. म्हणजे जा, विचारा की. वर हेही म्हणतो की ही शिकवण त्याला आधीच्यांकडून मिळालेली.

आता तुझा भास पौलाला लावून बघ. त्याला कसलं दुःख? तो आधी ख्रिस्ती मंडळीचा छळ करत हिंडत होता. प्रभूच्या भावांचा तर प्रभू जिवंत असताना विश्वास नव्हता, असं योहान लिहितो. त्यांतलाच याकोब पुढे यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी झाला आणि 62 साली धोंडमार होऊन मेला. घरातल्या भावाला पटवणं किती अवघड असतं ते तुझ्या काकांना विचार.

चारी शुभवर्तमानांत कबरीवर गेलेल्या बायकांची संख्या जुळत नाही, हे तू म्हणशीलच. जुळत नाही, खरंय. चार नर्सना एकाच मरणाचा रिपोर्ट लिहायला लाव, वेळ चौघींची वेगळी येते. पेशंट गेला यात फरक पडत नाही.

बाकी आपल्याकडे मराठी उपासनेत आणि कानडी उपासनेत भांडणाला पुष्कळ कारणं, पण 'पुनरुत्थान' हा शब्द दोन्हीकडे एकच. पप्पा हसायचे यावर.

ईस्टरला पहाटे कबरीवर मेणबत्त्या लावायला ये. पावसाने पप्पांचा दगड एका बाजूला खचलाय. गवंड्याला सांगितलंय, मुलगा आल्यावरच हात लाव. रात्रीची गाडी मिळते का बघ, आणि स्वेटर आण, पहाटे गारवा असतो.

तुझी,
आई