२६ नोव्हेंबरबद्दल विनंती

सर्व सभासदांना नमस्कार,

परवा २६ नोव्हेंबर. श्रद्धांजली जरूर वाहा, पण २००८ च्या हल्ल्याचं सीसीटीव्ही फुटेज, सीएसटीच्या फलाटांचे फोटो, धुरात वेढलेल्या ताजचे व्हिडिओ कृपया ग्रुपवर टाकू नका. त्या रात्री तिथे असलेली माणसं आपल्यात आहेत. सुतळी बॉम्ब वाजला की आजही छातीत धस्स होतं, कुठल्याही हॉलमध्ये शिरताना नजर आधी बाहेरचा दरवाजा शोधते. याला कृपया भित्रेपणा म्हणू नका. आणि "तुम्ही काय पाहिलंत?" असं खोदून विचारूही नका, त्यांना सांगावंसं वाटलं तर शांतपणे ऐका.

जे तिथे नव्हते, त्यांनाही हे लागू आहे. जवळपास ६० तास आपण टीव्हीसमोरून हललो नव्हतो. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतरच्या पाहणीत, रोज सहा तासांहून जास्त बातम्या पाहणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण आढळला होता. घरात लहान मुलं असतील तर त्या दिवशी बातम्यांचा चॅनल सतत चालू ठेवू नका.

झोप उडणं, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसणं, लोकल टाळणं असं महिनाभराहून अधिक चाललं, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

एखाद्या धर्माला दोष देणारे मेसेज लगेच काढून टाकले जातील. लग्नसराई आहे, तरी त्या संध्याकाळी आवारात फटाके नकोत.

– सचिव