आव्हान कॅमेऱ्याला झेपेल असे द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागली की पुरवण्यांमधून ‘रोज एक फोटो’ छापाच्या आव्हानांच्या याद्या येऊ लागतात. चंद्र, रात्रीचा रस्ता, फुलपाखराचा पंख, धावती सायकल. या याद्या मोबाइल डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. फोटो जागच्या जागी छापून बाहेर देणारा साधा इन्स्टंट कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे लागणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. इन्स्टॅक्स मिनी या इन्स्टंट कॅमेऱ्याच्या फिल्मच्या पॅकमध्ये दहाच फोटो असतात, पोलरॉइड कॅमेऱ्याच्या पॅकमध्ये आठ. चुकलेला फोटो पुसता येत नाही. चंद्राचेच घ्या. मिनीची लेन्स ६० मिलिमीटरची, त्यामुळे फिल्मवर चंद्र जेमतेम अर्धा मिलिमीटर उमटतो. हे आव्हान नव्हे, फसवणूक आहे.

या कॅमेऱ्यांत मुळात हातात फारसे काही नसते. मिनी ९ या मॉडेलचे शटर १/६० सेकंदावर कायमचे बसवलेले आहे. लेन्सभोवतीची चकती फक्त प्रकाश आत सोडणारे छिद्र लहानमोठे करते, सर्वांत मोठ्या एफ १२.७ पासून सर्वांत लहान एफ ३२ पर्यंत. मिनी ११ आणि १२ शटरचा वेग स्वतःच ठरवतात. फ्लॅश तिन्हींत दर वेळी पेटतो आणि दोन-अडीच मीटरच्या पुढे तो काही कामाचा नाही. आव्हाने या अडचणींतूनच काढावीत.

उदाहरणार्थ, काळी आकृती. मावळतीचे उजळ आकाश मागे ठेवून माणसाला चार-पाच मीटरवर उभे करा. फ्लॅश तिथवर पोचत नाही आणि आकृती काळीभोर येते. तोच माणूस मीटरभरावर असेल तर चेहरा उजळतो आणि सगळा खेळ फसतो. मिनी ९वर चकती घराच्या, म्हणजे घरातल्या मंद उजेडासाठीच्या खुणेवर राहिली, तर आकाशही पांढरे फटक पडते. ती उन्हाच्या खुणेवर आणायला विसरू नये.

रंगीत उजेडाचे आव्हान घरात जमते. फ्लॅशवर जिलेटीनच्या रंगीत कागदाचा एकच थर चिकटवा, खोली अंधारी करा, वस्तू मीटर-दीड मीटरवर आणि भिंत तिच्या लगेच मागे ठेवा. दोन थर लावले की उजेड मरतो. पुढच्या बाजूला प्रकाश मोजणारी बारीक छिद्रे असतात, त्यांवर कागद येऊ देऊ नये. एवढे करून हा प्रयोग भर उन्हात केला तर रंग दिसणारच नाही.

आमच्या मते सर्वांत रंगतदार आव्हान जोडचित्राचे. तीन-चार प्रिंट शेजारी मांडून एकच लांबट दृश्य तयार करायचे. यात बहुतेक जण किनार विसरतात. मिनीचा प्रिंट ५४ मिलिमीटर रुंद, त्यातले चित्र ४६ मिलिमीटर; म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर पांढरे. दोन प्रिंट चिकटून ठेवले की चित्रांमध्ये आठ मिलिमीटरची फट पडते. दृश्य काठाला काठ लावून टिपले, तर भिंतीची किंवा क्षितिजाची तिरपी रेघ त्या फटीवर तुटल्यासारखी दिसते. म्हणून दर फोटोला चौकटीच्या साधारण एक षष्ठांश एवढा भाग मध्ये मुद्दाम सोडून द्यावा. मग खिडकीच्या गजांतून पाहावे तशी रेघ किनारीमागून सलग गेल्याचा भास होतो. कॅमेरा जागेवरून हलवायचा नाही, फक्त वळवायचा. मिनी ९वर चकती सर्व फोटोंना एकाच खुणेवर ठेवावी. स्वयंचलित मॉडेलवर एक फोटो उजळ, दुसरा गडद येण्याचा धोका राहतो. तिथे सगळीकडे सारखे ऊन असलेले दृश्यच निवडणे शहाणपणाचे.

जवळच्या फोटोंत हमखास बिघडते ते नेमधरणे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून नेम धरायची खिडकी, लेन्सच्या एका बाजूला आणि थोडा वर असतो. दूरच्या दृश्याला फरक पडत नाही, पण अर्ध्या मीटरवर फूल कडेला सरकते, कधी अर्धे कापले जाते. नेम धरून झाला की लेन्स नेमकी व्ह्यूफाइंडरच्या जागी येईल एवढा कॅमेरा सरकवावा. मिनी १२मध्ये जवळच्या फोटोंसाठी ही दुरुस्ती आधीच केलेली आहे. मिनी ९ला साठ सेंटिमीटरच्या आत लेन्सवर जोडभिंग लावल्याशिवाय स्पष्ट दिसत नाही. आरशातला फोटो घेताना मात्र हे अंतर दुप्पट मोजले जाते: आरसा तीस सेंटिमीटरवर असेल तर स्वतःचे प्रतिबिंब साठवर. आरसा किंचित तिरपा धरला नाही, तर फ्लॅशचा पांढरा गोळा मधोमध येतो.

दुहेरी छाप, म्हणजे एकाच फोटोवर दोन दृश्ये टिपणे, साध्या मॉडेलांवर नकोच, कारण फोटो लगेच बाहेर पडतो. हौसेने मागचे झाकण उघडून पाहणाऱ्यांची फिल्म जळते.

प्रिंट बाहेर आला की झटकण्याची सवयही सोडावी. रुंद किनारीत रसायनाची पिशवी असते, ती रोलरखाली फुटून पेस्ट पसरते. प्रिंट वाकवला तर ती असमान पसरण्याची भीती. एकाच अंतरावर पुन्हा पुन्हा डाग दिसू लागले तर रोलरवर घाण समजावी. प्रिंट कापूही नये, आतली पेस्ट त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक असते. इन्स्टॅक्स उजेडात चालतो, पोलरॉइडचा प्रिंट मात्र बाहेर पडताच उलटा करून झाकावा लागतो.

आपल्या पुरवणीत असे आव्हान देणार असाल तर दोन विनंत्या. नियमांत मूळ प्रिंटच मागवावा आणि त्यासोबत अंतर व चकतीची खूण लिहून घ्यावी. आणि छापताना प्रिंटचा फोटो काढण्याऐवजी तो स्कॅन करावा, पांढऱ्या किनारीसकट. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची चमक पडली की गडद भागातला तपशील छपाईत पार नाहीसा होतो.

आपले,
इन्स्टंट छायाचित्रणाचे काही हौशी वाचक