पूजेतील जुनी नाणी घासू नका

महोदय,

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी देवघरातील भांडी उजळायला निघतात आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मीपूजनासाठी डबीत जपून ठेवलेली जुनी नाणीही चिंच, मीठ, लिंबू किंवा राखेने घासली जातात. हेतू भक्तीचाच असतो, पण तेवढ्या एका सकाळी कितीतरी शिवराया (शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी) आणि चांदीचे रुपये कायमचे बिघडतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. आजीने दिलेल्या शिवराईवर एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे काळपट तपकिरी थरातून नीट वाचता येत होती. चिंच-मिठाने दहा मिनिटे चोळल्यावर नाणे नव्या तांब्याच्या तारेसारखे गुलाबी झाले आणि तिसऱ्या ओळीतील मुळातच पुसट असलेली वेलांटी नाहीशी झाली. तो गुलाबी रंगही पावसाळा संपायच्या आत डागाळला.

तांब्यावरचा हा थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याच्या पृष्ठभागावरील धातूचाच हवा, ओलावा आणि माती यांच्याशी दीर्घकाळ संयोग होऊन तो तयार होतो, आणि झिजलेल्या नाण्यावर अक्षरांचे उरलेसुरले उठाव पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. चिंचेतील आम्ल थर विरघळवते तेव्हा त्याबरोबर अक्षरेही जातात. मीठ तर अधिक घातक, कारण त्यातील क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरून बसते आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पुढे फिकट हिरव्या भुकटीच्या रूपाने नाणे आतून पोखरू लागते. अशी भुकटी दिसल्यास घरगुती उपाय न करता ते नाणे इतर नाण्यांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि वस्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञांना दाखवावे.

चांदीच्या रुपयावरील काळेपणा हवेतील गंधकामुळे येतो. तो काढण्यासाठी टूथपेस्ट लावून घासले की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरपे धरले की त्या दिसतात आणि जाणकार संग्राहक नाणे लगेच बाजूला सारतो. सराफाकडून उजळून आणलेल्या रुपयाचीही हीच गत होते. सातवाहनांची शिशाची नाणी तर इतकी मऊ असतात की ब्रशचा एक जोरकस हातही त्यांना सोसत नाही.

किमतीपेक्षाही मला पुराव्याची चिंता अधिक वाटते. आमच्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षत्रपांचा पराभव करून त्यांचेच चलन सातकर्णीने आपल्या नावे चालवले, हे त्या नाण्यांवरून उमगले, कारण नव्या ठशाखाली जुन्या राजाच्या चेहऱ्याची एखादी रेघ, लेखाचे एखादे अक्षर शिल्लक होते. तसे नाणे कोणी चकचकीत होईपर्यंत घासले असते तर ती रेघ उरली नसती. शिवराईचेही तेच आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पुढे पेशवाईतही ती पाडली जात राहिली, त्यामुळे कोणती कोणत्या काळातील हे अक्षरांचे वळण, ठिपके आणि वजन पाहूनच ठरवावे लागते, आणि घासण्याने नेमक्या याच तिन्ही खुणांना धक्का पोहोचतो.

नाण्यावर सुटी माती असलीच तर ते ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजत ठेवावे, न चोळता सुती कापडावर टिपून घ्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे. हाताळताना कडेने धरावे, कारण बोटांच्या घामातही क्षार असतात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नयेत. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने त्यांवर हिरवट चिकट थर धरतो.

राहिला प्रश्न पूजेचा. पंचामृताच्या अभिषेकासाठी ताम्हनात अलीकडे विकत घेतलेले चांदीचे नाणे ठेवावे. आजीची शिवराई शेजारी कोरड्या वस्त्रावर तिच्या तपकिरी रंगासह असू द्यावी आणि तिच्यावर फक्त अक्षता वाहाव्यात.

आपली नम्र,
एक नाणेसंग्राहक वाचक, नाशिक