व्यवस्थापनाच्या पदवीत रोकडीचे गणित आधी हवे

संपादक महोदय,

व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमाची चर्चा निघाली की नेतृत्व, संवादकौशल्य, सादरीकरण हेच शब्द पुढे येतात. ही कौशल्ये हवीतच. पण धंद्यात पैसा नेमका कुठे अडकतो हे ज्या विद्यार्थ्याला कागदावर मांडून दाखवता येत नाही, त्याचा पाया कच्चाच राहतो. ही उणीव शेवटच्या वर्षात भरून निघत नाही, कारण तोवर वित्त, विपणन, उत्पादन असे सगळे विषय त्याच कच्च्या पायावर उभे राहिलेले असतात.

समजा, एक लहान उद्योग दरमहा १००० नग विकतो. नगाची किंमत १०० रुपये, नगामागे बदलता खर्च (नगांच्या संख्येबरोबर वाढणारा) ६० आणि महिन्याचा स्थिर खर्च (विक्री कितीही असो, तेवढाच राहणारा) ३०,०००. नगामागे ४० उरतात, म्हणजे ७५० नगांवर ना नफा ना तोटा आणि १००० नगांवर १०,००० नफा. एवढे बहुतेकांना येते आणि परीक्षेतला प्रश्नही बहुधा इथेच संपतो. आता त्यात एकच अट घाला. माल उधारीवर जातो आणि पैसे दोन महिन्यांनी येतात, खर्च मात्र त्याच महिन्यात रोख चुकता करावा लागतो. पहिल्या महिन्यात ९०,००० गेले, आले काहीच नाही. दुसऱ्या महिन्यातही तेच. तूट १,८०,०००. तिसऱ्या महिन्यापासून १,००,००० येतात आणि ९०,००० जातात, त्यामुळे ही तूट भरून निघायला पुढचे १८ महिने लागतात. नफा-तोटा पत्रकात मात्र पहिल्या महिन्यापासून नफाच दिसत असतो.

याच उद्योगाची विक्री तिसऱ्या महिन्यात १२०० नगांवर गेली तर? नफा १८,००० होतो. खर्च १,०२,००० आणि वसुली पहिल्या महिन्याच्या मालाची, म्हणजे १,००,०००. विक्री वाढली, नफा वाढला आणि हातातली रोकड २,००० ने घटली. भरभराटीला आलेला धंदा पगाराच्या दिवशी का अडतो, ते इथे दिसते. खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाची, व्याख्या कितीही घोकली तरी ते दिसत नाही.

महिन्यागणिक रोकडीचा हा तक्ता विद्यार्थ्याने आधी वहीत, बारा महिन्यांचे बारा रकाने आखून करावा आणि मगच एक्सेलकडे वळावे. तिथे सर्रास होणारी चूक म्हणजे किंमत, उधारीची मुदत हे आकडे थेट सूत्रात टाइप करणे. मग मुदत दोनाची तीन महिने केली की निम्मा तक्ता बदलतो आणि निम्मा जुनाच राहतो. सगळी गृहीतके वर वेगळ्या चौकटीत ठेवावीत आणि खाली ताळ्याची एक ओळ असावी. या उदाहरणात नफ्यातून येण्यांमधली (ग्राहकांकडून यायच्या उधारीतली) वाढ वजा केली की रोकडीतला बदल मिळायलाच हवा. तिसऱ्या महिन्यात येणी २,००,००० वरून २,२०,००० झाली. १८,००० वजा २०,००० म्हणजे उणे २,०००, ताळा जुळला. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवणाऱ्या द्विनोंद पद्धतीचे बळ अशाच ताळ्यात आहे. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये ती छापील स्वरूपात मांडली, तेव्हापासून पुष्कळशा चुका ती आपण होऊन उघड्या पाडते. (सगळ्या नव्हे. चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम तेरजेत (सगळ्या खात्यांच्या शिलकींच्या ताळ्यात) निमूट जुळून जाते, हेही सांगायलाच हवे.)

विपणनाचा वर्गही या गणितातून सुटत नाही. ‘विक्री वाढवण्यासाठी १० टक्के सूट द्यावी’ हे वाक्य किती प्रकल्पांत सापडते! वरच्या उद्योगाने किंमत ९० केली तर नगामागे उरणारे ४० चे ३० होतात आणि तोच १०,००० नफा टिकवायला १००० ऐवजी १३३४ नग विकावे लागतात. विक्री एक तृतीयांशाने वाढेल असे कशावरून, हा प्रश्न शिक्षकांनी तिथल्या तिथे विचारला पाहिजे.

सर्वेक्षणांची अवस्था तर फारच चिंताजनक आहे. वर्गमित्रांना आणि नातेवाइकांना दुवा पाठवायचा, शंभर उत्तरे आली की रंगीत वर्तुळालेख काढायचे आणि ‘ग्राहकांचे मत’ असे शीर्षक द्यायचे. खऱ्या यादृच्छिक (प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असलेल्या) नमुन्यातही १०० उत्तरांवर सुमारे १० टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. ती ५ टक्क्यांवर आणायला ४०० उत्तरे लागतात. ओळखीच्यांच्या नमुन्याला तर हे सूत्रच लागू होत नाही. प्रश्नही चुकतात. ‘तुम्ही हे उत्पादन घ्याल का?’ याला भिडेखातर होकार मिळतो. ‘मागच्या वेळी काय घेतले, कुठून, कितीला?’ असे विचारले तर कामाची माहिती हाती लागते.

सिद्धांत नकोत असे मुळीच म्हणणे नाही. फ्रेंच अभियंता आंरी फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कार्ये मांडली ती खाणकंपनी वर्षानुवर्षे चालवल्यावर. आज तीच यादी पाच गुणांसाठी पाठ होते. ‘स्वॉट’च्या (बलस्थाने, उणिवा, संधी, धोके) चार चौकटींचेही तेच. ‘चांगली गुणवत्ता’ हे बलस्थान कोणत्याही उद्योगाला चिकटवता येते. ‘शंभर नगांमागे परत येणारे दोन’ असे लिहिले, तरच त्यावर वाद घालता येतो.

इंटर्नशिपच्या अहवालात कंपनीच्या संकेतस्थळावरचा इतिहास उतरवून काढण्यापेक्षा एकच काम निवडावे. मागणी आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत कागद कुणाकुणाच्या टेबलावरून जातो, प्रत्येक टप्प्यावर काम किती वेळ चालते आणि तो नुसता पडून किती राहतो, हे घड्याळ लावून टिपावे. बहुतेक वेळ पडून राहण्यातच जातो आणि येण्यांची मुदत लांबण्याचे एक कारण तिथेच सापडते. जोडीला त्या उद्योगाचे तीन वर्षांचे हिशेब मिळाले तर येणी भागिले वर्षाची उधारीची विक्री गुणिले ३६५ करून वसुलीचे सरासरी दिवस काढता येतात.

परीक्षेचे स्वरूप बदलल्याखेरीज यातले काही वर्गात रुजणार नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी पहिल्याच वर्षी एक सक्तीचा प्रश्न ठेवावा. बारा महिन्यांचा तयार रोकड तक्ता द्यावा, त्यात दोन चुका पेराव्यात आणि त्या शोधून, दुरुस्त करून, सर्वाधिक तूट कोणत्या महिन्यात व किती पडते ते लिहायला सांगावे.

– व्यवस्थापन विषयाचे एक अध्यापक