ढालाइताच्या बाजूने

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतील बैठ्या खेळांवर जो लेख आला, त्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, काल्पनिक पात्रे साकारून फाशांनी लढाया खेळायच्या खेळाची ओळख चांगली करून दिली होती. मात्र नवख्या खेळाडूने योद्धा निवडल्यास ढालीच्या फंदात न पडता दुहाती तलवार घ्यावी, हा त्यातील सल्ला मला पटला नाही. धरमपेठेतील आमच्या घरी गेली सहा वर्षे दर रविवारी मुले हा खेळ मांडतात, आणि पहिल्याच चकमकीत आडवी होणारी पात्रे बहुतेक वेळा ढाल नसलेलीच असतात.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ढालीमुळे आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी शत्रूला फाशाने गाठावा लागणारा आकडा, २ ने वाढतो. वीस बाजूंच्या फाशावर २ म्हणजे दहा टक्के, एवढा हिशेब करून बहुतेक जण थांबतात आणि तिथेच फसतात. शत्रूला ११ किंवा अधिक पडावे लागत असेल, तर त्याचे निम्मे वार लागतात. ढालीमुळे १३ ची गरज पडू लागली, की चाळीस टक्केच लागतात, म्हणजे बसणारे घाव एक पंचमांशाने घटतात. तोच शत्रू भारी चिलखतामुळे आधीच १७ वर अडलेला असेल, तर ढाल त्याला १९ वर नेते आणि घाव थेट निम्मे होतात.

दुसरी बाजूही मांडायला हवी. मोठ्या दुहाती तलवारीची इजा सहा बाजूंच्या दोन फाशांनी ठरते, सरासरी ७; ढालीसोबतच्या लांब तलवारीची आठ बाजूंच्या एका फाशाने, सरासरी साडेचार. ताकदीचे ३ मिळवल्यावर १० आणि साडेसात. ३० हिट पॉइंटांचा, म्हणजे ३० इजा झाल्यावर पडणारा, शत्रू पहिल्याला तीन घावांत आवरतो, ढालाइताला चार लागतात. दोघांचेही साठ टक्के वार लागतात असे धरले, तर पाच फेऱ्यांचे काम ढालाइताला साडेसहाहून जास्त फेऱ्यांचे होते, आणि तेवढ्या अवधीत त्याला पहिल्यापेक्षा किंचित अधिकच घाव सोसावे लागतात. एकास एक झुंजीत दुहाती तलवार थोडी सरस आहे, हे मी मान्य करतो.

परंतु हा खेळ चौघा-पाचांच्या टोळीने खेळायचा असतो. तिघे सोबती प्रत्येकी फेरीला सरासरी ६ इजा करत असतील, तर हुकलेले वार धरून योद्ध्याची फेरीची इजा ६ वरून साडेचारवर आणि टोळीची एकूण इजा २४ वरून साडेबावीसवर येते. लढाई जेमतेम एक पंधरांशाने लांबते आणि आघाडीवर उभ्या असलेल्याचे घाव मात्र फेरीगणिक एक पंचमांशाने कमी होतात. लेखातील सल्ल्यात सोबत्यांचा हा विचारच नव्हता.

दुहाती शस्त्राचे हे वजन मूळचे नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणलेल्या मूळ नियमांत सर्व शस्त्रांची इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाने ठरत असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दुहाती शस्त्राला ताकदीच्या दीडपट जोड मिळू लागली. ढालीला खरा न्याय दिला तो 'पाथफाइंडर' या त्याच धाटणीच्या खेळाच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीने. तिथे फेरीतील तीन कृतींपैकी एक खर्चून ढाल उचलावी लागते, तेव्हाच आर्मर क्लास वाढतो. पुढे लागलेला घाव ढालीवर झेलता येतो, पोलादी ढाल त्यातली ५ इजा अडवते आणि उरलेली इजा ढाल व ढालाईत अशी दोघांनाही होते. आपल्याकडची गोल ढाल आतल्या दोन मुठी एकत्र आवळून धरत आणि वाराच्या दिशेने फिरवून तो झेलत, त्याच्याशी हा नियम फार जुळतो. अजब बंगल्यातील, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, जुनी शस्त्रे पाहिलेल्या मुलांना तो एका वाक्यात समजतो. आपल्या भाषेने पट्टा चालवणाऱ्या पटाइताला निपुणतेचा अर्थ बहाल केला आणि ढालाईत मागे राहिला, याची मला खंत वाटते.

दुहाती कुऱ्हाड बार्बेरियन या रानटी लढवय्या पात्राच्या हाती शोभते, कारण संतापाच्या भरात त्याला शस्त्रांची इजा निम्मीच होते. साध्या योद्ध्याला तशी सोय नाही. म्हणून पुरवणीच्या पुढील अंकात नवख्यांसाठी ढाल आणि एकहाती तलवार हा पर्यायही द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर