ताइशो, आईला पोटभर जेवू घातल्याबद्दल

आदरणीय ताइशो,

टोकियोतल्या निशी-कासाईत राहायला आल्यापासून तुमच्या दुकानात, तुमच्या हातचे सोबा नूडल्स कितीदा खाल्ले, हिशेब नाही. तरी हे पत्र मेमधल्या त्या एका दुपारबद्दल आहे.

आई मंगळवेढ्याहून आली होती. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासे तर सोडाच, माशाचं पाणीही चालत नाही. आणि तुमच्या त्सुयूचा, म्हणजे नूडल्स बुडवायच्या रश्शाचा, जीवच मुळी कात्सुओबुशीत, सुकवलेल्या माशाच्या किसात! आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी ‘मासे नाहीत’ असं ठामपणे सांगून तिच्यापुढे माशाच्या रश्शातले नूडल्स ठेवले होते. वासावरूनच ओळखून ती ताटावरून उठली. म्हणून तुम्हाला भीत भीत विचारलं. तुम्ही आधी उलट विचारलंत, ‘सोब्याची ॲलर्जी नाही ना?’ मग म्हणालात, ‘परवा या.’

परवा आलो, तर कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर भिजवून तुम्ही वेगळा दाशी, म्हणजे त्सुयूचा मूळ अर्क, केला होतात. तोही एका माणसासाठी.

आईचं लक्ष मात्र काचेपलीकडे होतं. तुम्ही लाकडी परातीत पिठावर गरम पाणी घातलंत आणि ती मोठ्यानं म्हणाली, ‘अगं, हा तर उकड काढतोय!’ मी सांगितलं, आज जूवारी आहे. तिला ऐकू आलं ज्वारी. मालदांडीच्या गावची बाई, तिचा आनंद काय वर्णावा! जूवारी म्हणजे दहाच्या दहा हिस्से सोब्याचंच पीठ, गहू नावालाही नाही, आणि हे पीठ म्हणजे आपल्याकडे उत्तरेत नवरात्रात खातात तो कुट्टू, हे समजावेपर्यंत तुम्ही लाटायलासुद्धा लागला होतात. पण तिचं फारसं चुकलंही नव्हतं. कुट्टूतही ज्वारीसारखाच चिकटपणा नाही, म्हणून गरम पाण्याची मदत. ‘याला भाकरी जमेल,’ हे तिचं प्रमाणपत्र मी तेव्हा तुम्हाला नीट सांगितलंच नाही. तिच्या तोंडून हे आम्हा मुलींनाही कधी मिळालेलं नाही.

मग ती पोळी घडी घालून तुम्ही रुंद सुरीनं कापलीत, जेमतेम दीड मिलिमीटरच्या दोऱ्या. मिनिटभर उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, आणि बांबूच्या जाळीवर आमच्या पुढ्यात. खाताना आवाज करायचा असतो, हे तिला शिकवावं लागलं नाही. कढीचे भुरके मारण्यात तिची हयात गेलीय. ओकामीसान, दुकानाच्या मालकीणबाई, हसल्या, ते मी पाहिलं.

शेवटी सोबायु, म्हणजे नूडल्स उकळलेलं पाणी, आलं. उरलेल्या त्सुयूत ते गढूळ, गरम पाणी ओतून आईनं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, ‘पेज आहे गं.’ त्यानंतर पाच मिनिटं ती काहीच बोलली नाही. आमच्या घरात ही बातमी आहे!

बिलात वेगळ्या दाशीचा एक येनही नव्हता. मी विचारल्यावर तुम्ही फक्त हात हलवलात. तेव्हा बोलायला शब्द सुचले नाहीत, म्हणून आता हे लिहितेय. तुम्हाला ते जपानीत वाचून दाखवीन, व्याकरण सांभाळून घ्या.

आई दर रविवारी फोनवर विचारते, ‘तुझा भाकरीवाला बरा आहे ना?’ यंदा 31 डिसेंबरला ती इथे असेल. तोशिकोशीच्या, म्हणजे वर्ष सरताना सोबा खायच्या रात्रीच्या, गर्दीत आमची दोन ताटं बाजूला ठेवाल ना? एक बिनमाशाचं.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची