नवी गाडीही तेल पिते

महोदय,

माझी जुनी मोटारसायकल सकाळी सुरू केली की निळा धूर सोडते. व्हॉल्व्ह सील (इंजिनातलं तेल अडवणारी रबरी सीलं) कडक झालेत, रात्रभर इंजिन ऑइल आत झिरपतं आणि सकाळी जळतं. तिचं वय झालं, तक्रार नाही. धक्का दिला तो नव्या कारने. धूर नाही, गळती नाही, तरी ४,००० किलोमीटरला डिपस्टिकवर (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवर) तेल खालच्या खुणेच्याही खाली! मेकॅनिक म्हणाला, घर्षण कमी व्हावं म्हणून हल्ली पिस्टन रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या, तेल वर जाऊ न देणाऱ्या कड्यांचा) ताण कमी ठेवतात, त्यात तेल पातळ, थोडं जळणारच. काही कंपन्यांची माहितीपुस्तिका तर १,००० किलोमीटरला अर्धा लिटरही चालवून घेते. मग गाडी विकतानाच का सांगत नाहीत? बहुतेक गाड्यांतला तेलाचा लाल दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागेपर्यंत वाट पाहिली असती तर इंजिनच बसलं असतं.

एक वाचक